आयनिक लिक्विडचा एनएमआर: सॅम्पल सुकवण्यापासून डिफ्यूजनच्या आकड्यापर्यंत

आयनिक लिक्विड म्हणजे निव्वळ आयनांचं बनलेलं, खोलीच्या तापमानाजवळ द्रव असलेलं मीठ. त्याचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजणं) काढायचा म्हटलं की बहुतेक जण काय करतात, दोन थेंब घेतात, डीएमएसओ-डी६ (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं सॉल्व्हेंट) मध्ये विरघळवतात, प्रोटॉन स्पेक्ट्रम काढतात आणि सगळे पीक जागेवर दिसले की झालं. शुद्धता तपासायला हे ठीकच आहे. पण त्या ट्यूबमध्ये आता आयनिक लिक्विड राहिलेलंच नसतं, सॉल्व्हेंटमध्ये विखुरलेले आयन असतात, आणि आपल्याला बघायची होती ती आयना-आयनांमधली जवळीक सॉल्व्हेंटने केव्हाच मोडून टाकलेली असते. रचना आणि हालचाल अभ्यासायची तर सॅम्पल निव्वळ घ्यायला लागतं, कशातही न विरघळवता, आणि तिथून खरं काम सुरू होतं.

माझं स्पष्ट मत आहे की या विषयात पल्स सिक्वेन्स (सॅम्पलला द्यायच्या पल्सची मांडणी) हा सोपा भाग आहे, अवघड भाग आहे पाणी, तापमान आणि कन्व्हेक्शन (ट्यूबमध्ये लिक्विडचं वरखाली फिरणं). हे तीन ताब्यात असतील तर साध्या ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवरही उत्तम डेटा मिळतो, नसतील तर ८०० वर जाऊनही हातात काही येत नाही.

उदाहरणासाठी एकच लिक्विड घेऊ: १-ब्युटाइल-३-मिथाइलइमिडाझोलियमचं बिस्ट्रायफ्लिमाइड, लॅबमध्ये सगळे ज्याला बीमिम-एनटीएफ२ म्हणतात ते. वॉल्डनने १९१४ मध्ये १२ अंशाला वितळणारं इथाइलअमोनियम नायट्रेट नोंदवलं तिथून या विषयाची सुरुवात मानतात, पण हवेत आणि पाण्यात टिकणारी इमिडाझोलियमची लिक्विड्स विल्क्स आणि झावोरोत्कोने १९९२ मध्ये दाखवली आणि मग सगळीकडे त्यांचा वापर वाढला. बीमिम-एनटीएफ२ शिकायला चांगलं कारण कॅटायनवर (धन आयन, इथे बीमिम) हायड्रोजन आहेत पण फ्लोरिन नाही, अॅनायनवर (ऋण आयन, इथे एनटीएफ२) फ्लोरिन आहे पण हायड्रोजन नाही, म्हणजे प्रोटॉन चॅनेलवर फक्त कॅटायन दिसतो आणि फ्लोरिन चॅनेलवर फक्त अॅनायन. व्हिस्कॉसिटी २५ अंशाला ५० मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास, साधारण खाद्यतेलाइतकी, त्यामुळे पीक फार जाड होत नाहीत. पीएफ६ किंवा बीएफ४ या अॅनायनवाल्यांपासून सुरुवात करू नका असंच मी सांगेन, ओल आणि उष्णता मिळाली की ते हायड्रोलाइझ होऊन हायड्रोजन फ्लोराइड सोडतात, ते काचेलाही खातं आणि माणसालाही घातक आहे.

आधी पाणी काढा

बीमिम-एनटीएफ२ पाण्यात मिसळत नाही म्हणून ते कोरडं असतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. हवेतली ओल ते आरामात ओढून घेतं, आणि पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात बाटली थोडा वेळ उघडी राहिली तरी फरक पडतो. कार्ल फिशरवर (पाण्याचं प्रमाण मोजायचं टायट्रेशन) १००० पीपीएम आलं तर वजनाने ते फक्त ०.१ टक्का वाटतं, पण मोलमध्ये बघा: लिक्विडचा मोलर मास ४१९, पाण्याचा १८, म्हणजे दर १०० आयनजोड्यांमागे पाण्याचे दोनपेक्षा जास्त रेणू. एवढ्याने व्हिस्कॉसिटी उतरते आणि डिफ्यूजनचे (आयन किती वेगाने सरकतात त्याचे) आकडे वर जातात.

सुकवायची रीत साधी आहे. शेंक फ्लास्कमध्ये (व्हॅक्यूम आणि गॅस जोडता येणारा फ्लास्क) घ्यायचं, मॅग्नेटिक बार टाकून ढवळत ठेवायचं (ढवळणं महत्त्वाचं, घट्ट लिक्विडच्या तळातलं पाणी नुसत्या व्हॅक्यूमने वर येत नाही), ६० ते ७० अंशावर चांगल्या व्हॅक्यूमखाली एक ते दोन दिवस, आणि मग आर्गॉनखाली किंवा ग्लोव्हबॉक्समध्येच ट्यूब भरायची. कार्ल फिशर करायचंच, शक्यतो १०० पीपीएमच्या खाली आणायचं, आणि एनएमआर झाल्यावर त्याच सॅम्पलचं पुन्हा करायचं. दोन्ही आकडे वहीत लिहा. स्पेक्ट्रमवरून अंदाज हवा असेल तर १००० पीपीएम पाण्याचा पीक इमिडाझोलियम रिंगवरच्या एच-२ या हायड्रोजनच्या पीकच्या साधारण साडेचार टक्के येतो, तो दिसतो. १०० पीपीएमला तो अर्ध्या टक्क्याखाली जातो आणि बेसलाइनमध्ये हरवतो, म्हणून नुसत्या एनएमआरवर विसंबू नका.

दुसरी लपलेली घाण म्हणजे क्लोराइड. ही लिक्विड्स बहुतेक वेळा बीमिम-क्लोराइड किंवा ब्रोमाइड आणि लिथियमचा मीठ यांच्या अदलाबदलीतून करतात, धुणं कमी पडलं की हॅलाइड मागे राहतं. प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ते स्वतः दिसत नाही पण त्याने व्हिस्कॉसिटी वाढते आणि एच-२ चा शिफ्ट (पीकची पीपीएममधली जागा) सरकतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत केनेथ सेडनच्या ग्रुपने २००० सालीच क्लोराइड आणि पाण्याचा असा परिणाम पद्धतशीर दाखवलाय. धुताना निघालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघायचा, गढूळ झालं तर अजून धुवा, आणि शेवटी आयन क्रोमॅटोग्राफी करून घ्या.

ट्यूब आणि लॉक

मी ३ मिमीची ट्यूब घ्यायला सांगतो, सुमारे ०.२ मिली सॅम्पल पुरतं. दोन फायदे आहेत: एक, आयनिक लिक्विड वीज वाहून नेतं त्यामुळे ५ मिमी ट्यूबमध्ये प्रोबचं ट्यूनिंग बिघडतं आणि ९० अंशाची पल्स (मॅग्नेटायझेशन ९० अंशाच्या कोनात वळवणारी) लांबते, ३ मिमीत हे कमी होतं. दुसरा फायदा कन्व्हेक्शनचा, तो पुढे येईल. भरताना लांब सुई थेट तळापर्यंत न्यायची आणि हळूहळू वर आणायची, वरून ओतलं तर बुडबुडे अडकतात आणि मग शिमिंग (चुंबकीय क्षेत्र सॅम्पलभर सारखं करणं) काही केल्या होत नाही. अडकलेच तर ट्यूब थोडी गरम करून उभी ठेवा.

लॉकसाठी (ड्युटेरियमच्या सिग्नलवरून मशीन क्षेत्र स्थिर ठेवतं, त्यासाठी) ड्युटेरियम आत मिसळायचं नाही. सीलबंद कॅपिलरीत किंवा कोॲक्सियल इन्सर्टमध्ये ड्युटेरेटेड सॉल्व्हेंट वेगळं ठेवायचं. इन्सर्ट साधारणपणे ५ मिमीच्या ट्यूबसाठी मिळतात, ३ मिमीत बारीक कॅपिलरी ओढून सील करावी लागते. कुठलं सॉल्व्हेंट ते तापमान बघून ठरवा. डीएमएसओ-डी६ गरम बाजूला छान चालतं पण २० अंशाच्या आसपास गोठतं, म्हणजे थंडीकडे जाणारी सिरीज लावून घरी गेलात की मध्येच लॉक सुटलेला असतो. डी२ओ (जड पाणी) वापरलं तर त्यात उरलेल्या एचओडीचा पीक ४.७ पीपीएमच्या आसपास येतो, ब्युटाइलच्या नायट्रोजनजवळच्या सीएच२ च्या शेजारी, शिवाय तो तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.०१ पीपीएम सरकतो, त्यामुळे डी२ओवर लॉक ठेवून तापमान सिरीजमध्ये शिफ्टची तुलना केली तर जे सरकताना दिसतं ते कॅटायनचं आहे की पाण्याचं तेच कळत नाही. कॅपिलरी नसेल तर लॉक आणि स्वीप बंद करून थेट प्रोटॉन सिग्नलवर शिम करा, छोट्या प्रयोगांना ते पुरतं. आणि शिफ्टचा शून्य ठरवणारा रेफरन्स सॅम्पलबाहेर, म्हणजे कॅपिलरीत, ठेवला की चुंबकीय ससेप्टिबिलिटीच्या फरकामुळे शिफ्टमध्ये चूक येते, दोन वेगवेगळ्या लिक्विड्सचे शिफ्ट ताडून बघणार असाल तर ती दुरुस्ती करायलाच लागते.

निव्वळ सॅम्पलमध्ये कॅटायनचं प्रमाण लिटरला साधारण ३.४ मोल असतं, त्यामुळे सिग्नल प्रचंड. रिसीव्हर गेन आधी कमीत कमी ठेवा, एकच स्कॅन घ्या, आणि मग ९० अंशाची पल्स याच सॅम्पलवर, याच तापमानाला मोजा. मशीनवर आधीपासून भरून ठेवलेला आकडा सीडीसीएल३ (ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म) च्या ट्यूबसाठीचा असतो, तो इथे लागू पडत नाही.

तापमान

स्क्रीनवर २९८ केल्विन (२५ अंश) दिसतंय म्हणून सॅम्पल २९८ ला असतंच असं नाही. बीमिम-एनटीएफ२ चं डिफ्यूजन खोलीच्या तापमानाजवळ दर अंशाला जवळपास ४ टक्के बदलतं, म्हणजे दोन अंशांची चूक झाली की कॅटायन आणि अॅनायनमधल्या फरकाचा मोठा हिस्सा त्यातच गेला. खोलीच्या वरच्या तापमानासाठी इथिलीन ग्लायकॉलची ट्यूब लावा, ओएच आणि सीएच२ या दोन पीकमधलं अंतर पीपीएममध्ये मोजा, त्याला १०२ ने गुणा आणि ४६६.५ मधून वजा करा, केल्विनमध्ये खरं तापमान मिळतं. अंतर १.६५ आलं तर २९८.२. थंड बाजूला हेच मेथनॉलने करतात. ही कॅलिब्रेशन ट्यूब सॅम्पलच्याच गॅस फ्लोवर आणि सॅम्पलसारख्याच ट्यूबमध्ये असायला हवी. प्रत्येक पायरीवर सॅम्पलला स्थिर व्हायला २० ते ३० मिनिटं द्या, घट्ट लिक्विडला जास्तच.

शिफ्ट काय सांगतात

प्रोटॉनमध्ये सगळ्यात बोलका पीक एच-२ चा, म्हणजे इमिडाझोलियम रिंगवर दोन नायट्रोजनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन. अॅनायन त्याच्याजवळ किती येतो त्यावर तो सरकतो: सीडीसीएल३ मध्ये बीमिम-क्लोराइडचा एच-२ १० पीपीएमच्याही पलीकडे जातो, बीएफ४ किंवा एनटीएफ२ असेल तर तो ९ च्या खाली राहतो. क्लोराइड हायड्रोजन बाँड जोरात धरतो, एनटीएफ२ चा निगेटिव्ह चार्ज पसरलेला असल्यामुळे तो ढिला धरतो. पण एकट्या शिफ्टवरून हायड्रोजन बाँडची ताकद ठरवू नका, शेजारच्या रिंगचा प्रवाहही शिफ्ट हलवतो. निदान तापमान बदलून आणि पातळ करत जाऊन एच-२, एच-४ आणि एच-५ (रिंगवरचे बाकीचे दोन हायड्रोजन) तिन्ही एकत्र बघा. एच-२ एकटाच सरकला तर अॅनायनबद्दल बोलता येतं, तिन्ही मिळून सरकले तर आधी रेफरन्स तपासा.

फ्लोरिनमध्ये एनटीएफ२ चा एकच सिंगलेट उणे ८० पीपीएमच्या आसपास येतो. रचनेची माहिती त्यात फारशी नसते पण डिफ्यूजनसाठी तो सोन्यासारखा पीक आहे.

डिफ्यूजन, इथे वेळ घालवा

पद्धत पल्स्ड फील्ड ग्रेडियंटची, समीकरण स्टेजस्कल आणि टॅनरचं, १९६५ चं. सिग्नलचा लॉगरिथम बी या राशीबरोबर सरळ रेषेत उतरतो आणि त्या उताराचं मूल्य म्हणजे डिफ्यूजन कोएफिशंट. बी म्हणजे गॅमा (त्या न्यूक्लियसचा चुंबकीय स्थिरांक), ग्रेडियंट (क्षेत्र अंतराबरोबर किती बदलतं) आणि छोटा डेल्टा यांच्या गुणाकाराचा वर्ग, गुणिले मोठा डेल्टा वजा छोट्या डेल्टाचा एक तृतीयांश. छोटा डेल्टा म्हणजे ग्रेडियंट पल्स किती वेळ चालते, मोठा डेल्टा म्हणजे आयनांना हलायला किती वेळ दिला.

आता अडचण अशी की साध्या पाण्याचं डिफ्यूजन २५ अंशाला सेकंदाला २.३ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर आहे, आणि आपल्या लिक्विडमधल्या आयनांचं जवळपास शंभर पट कमी, १० च्या उणे ११ व्या घातात. (पुढचे डिफ्यूजनचे आकडे याच एककात.) मशीनवर ठेवलेली पॅरामीटर फाइल छोट्या रेणूंसाठी असते, ती तशीच चालवली तर सिग्नल जेमतेम उतरतो आणि फिट कशालाही बसतं. हिशोब करून बघा: साध्या लिक्विड प्रोबवर जास्तीत जास्त ग्रेडियंट मीटरला ०.५ टेस्ला धरला, छोटा डेल्टा ४ मिलिसेकंद, मोठा १०० मिलिसेकंद, डिफ्यूजन २.७ धरलं, तर शेवटच्या पायरीवरही ४७ टक्के सिग्नल शिल्लक राहतो. छोटा डेल्टा ६ आणि मोठा १५० केला की सिग्नल ८ टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि आपल्याला हवं तेच, शेवटी ५ ते १० टक्के. हा आकडा चौकोनी पल्ससाठी आहे, साइन आकाराची किंवा कडा गोल केलेली पल्स असेल तर तिचा शेप फॅक्टर लावा, बी कमी होतो आणि वेळ अजून वाढवावा लागतो. बायपोलर सिक्वेन्समध्ये आणखी एक गोष्ट बघा, पॅरामीटरमध्ये लिहिलेली पल्स ही छोट्या डेल्टाच्या निम्मी असते, ती दुप्पट करायची राहिली तर डिफ्यूजन चौपट चुकतं.

सिक्वेन्स कुठला? स्टिम्युलेटेड एको, बायपोलर पल्स जोडीसकट, आणि एडी करंट डिलेसकट (ग्रेडियंटने उठलेले प्रवाह विरेपर्यंत थांबणं). साधा स्पिन एको नको, कारण मोठ्या डेल्टाभर मॅग्नेटायझेशन टी-२ ने (सिग्नल विरण्याचा काळ) मरत राहतं आणि या लिक्विड्समध्ये टी-२ हा टी-१ (मॅग्नेटायझेशन मूळ स्थितीत परतण्याचा काळ) पेक्षा बराच लहान असतो. स्टिम्युलेटेड एकोत तो काळ टी-१ वर चालतो, म्हणून आधी टी-१ मोजून ठेवा आणि दोन स्कॅनमधला वेळ त्याच्या पाचपट द्या. ग्रेडियंट २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत १६ पायऱ्यांत.

ग्रेडियंट स्वतः कॅलिब्रेट करा, पाण्याने किंवा ड्राय डीएमएसओने, डीएमएसओचं डिफ्यूजन २५ अंशाला पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं, ०.७३ गुणिले १० चा उणे ९ वा घात. नंतर कन्व्हेक्शनची परीक्षा: तोच प्रयोग मोठा डेल्टा १००, २०० आणि ३०० मिलिसेकंद ठेवून करायचा. तिन्ही वेळा डिफ्यूजन सारखं आलं तर पुढे जा. मोठ्या डेल्टाबरोबर ते वाढत गेलं तर ट्यूबमध्ये लिक्विड वरखाली फिरतंय. खोलीच्या तापमानाला घट्टपणामुळे हे कमी असतं, पण ६० किंवा ८० अंशाला लिक्विड पातळ होतं आणि ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या टोकात तापमानाचा फरक पडतो, तेव्हा हमखास होतं. त्याला इलाज ३ मिमीची ट्यूब, कमी उंचीचं सॅम्पल, जास्त गॅस फ्लो, आणि तेवढ्याने नाही भागलं तर डबल स्टिम्युलेटेड एको. ट्यूब फिरवायची नाही हे वेगळं सांगायला नको.

फिट करताना कॅटायनचे सगळे पीक वेगवेगळे फिट करा, रिंगचे, मिथाइलचे, ब्युटाइलच्या टोकाचे. सगळे एकाच आयनवर आहेत तर उत्तर एकच यायला हवं, एक-दोन टक्क्यांच्या आत. एकाच पीकचं जास्त आलं तर त्याच्याखाली पाणी किंवा सॉल्व्हेंट दडलेलं असण्याची शक्यता मोठी, कारण पाणी आयनांपेक्षा खूप वेगाने पळतं आणि लॉगचा आलेख सुरुवातीला वाकलेला दिसतो.

२५ अंशाला तुम्हाला कॅटायनसाठी २.७ च्या आसपास आणि अॅनायनसाठी २.१ च्या आसपास मिळायला हवं. कॅटायन अॅनायनपेक्षा लहान नाही तरी तो जास्त पळतो, हे इमिडाझोलियमच्या लिक्विड्समध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. व्हिस्कॉसिटी आणि त्रिज्येवरून डिफ्यूजन काढणाऱ्या स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्रात ६ गुणिले पाय (π) आणि वाजवी त्रिज्या घातली तर याच्या निम्मंच उत्तर येतं, म्हणजे अशा लिक्विडमध्ये आयनाला सगळ्या बाजूंनी एकसंध घट्टपणा जाणवतो हे गृहीतकच डळमळीत आहे. तापमानाबरोबरचा आलेख आर्हेनियसच्या सरळ रेषेत बसत नाही, वाकतो, तिथे वोगेल-फुल्चर-टामनचं सूत्र लावा आणि निदान सात-आठ तापमानं घ्या, तीन पॅरामीटर चार बिंदूंवर फिट करण्यात अर्थ नाही.

डिफ्यूजनवरून आयनिसिटी

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण दोन स्वतंत्र मोजमापं एकमेकांसमोर येतात. नर्न्स्ट-आइन्स्टाइनच्या सूत्राने दोन्ही डिफ्यूजनची बेरीज, २.७ अधिक २.१ म्हणजे ४.८, घेऊन मोलर कंडक्टिव्हिटी काढली तर मोलमागे १.८ सीमेन्स-चौरस सेंटीमीटर येते. इम्पिडन्स ब्रिजवर मोजलेली कंडक्टिव्हिटी २५ अंशाला सेंटीमीटरला ३.९ मिलिसीमेन्सच्या आसपास, तिला ३.४ मोलने भागलं की १.१५. मोजलेल्या आकड्याचं काढलेल्याशी गुणोत्तर, म्हणजेच आयनिसिटी, ०.६ ते ०.६५. योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीत मासायोशी वातानाबेच्या ग्रुपने या गुणोत्तरावर बरंच काम केलंय आणि ते तेव्हापासून सगळीकडे वापरलं जातं. पण ०.६ आलं म्हणजे ४० टक्के आयन जोड्या बनून बसलेत असं कृपया लिहू नका. डिफ्यूजन एकेका आयनाची हालचाल मोजतं, कंडक्टिव्हिटी चार्जची एकत्रित हालचाल मोजते, आणि शेजारच्या आयनांच्या हालचाली एकमेकांशी बांधलेल्या असल्या की गुणोत्तर एकाच्या खाली येतं, त्यासाठी टिकाऊ जोड्या असण्याची गरज नसते.

टी-१ आणि फिरणं

डिफ्यूजन सरकणं दाखवतं, रिलॅक्सेशन फिरणं दाखवतं. टी-१ इन्व्हर्जन रिकव्हरी या प्रयोगाने मोजायचा, टी-२ सीपीएमजी या प्रयोगाने. ब्लोमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांच्या १९४८ च्या सिद्धांताप्रमाणे तापमान बदलत गेलं की टी-१ आधी कमी होतो, तळ गाठतो आणि मग वाढतो. प्रोटॉनसाठी तो तळ लार्मर फ्रिक्वेन्सी (न्यूक्लियसची फ्रिक्वेन्सी, इथे रेडियनमध्ये) आणि कोरिलेशन टाइम (रेणूला वळायला लागणारा साधारण वेळ) यांचा गुणाकार ०.६२ झाला की येतो, ४०० मेगाहर्ट्झवर म्हणजे कोरिलेशन टाइम सुमारे चौथाई नॅनोसेकंद. तळ सापडला की एक पक्का बिंदू हातात येतो आणि बाकीचं मॉडेल त्यावर बेतता येतं. प्रोटॉनमध्ये शेजारच्या आयनांचे हायड्रोजनही गुंतलेले असतात, त्यामुळे एकट्या रेणूचं फिरणं हवं असेल तर कार्बन-१३ चा टी-१ जास्त स्वच्छ, रिंगचा प्रत्येक सीएच आपल्या एकाच हायड्रोजनने रिलॅक्स होतो. वेळ लागतो, पण रिंग सावकाश फिरतेय आणि ब्युटाइलचं टोक मोकळं हलतंय हा फरक कार्बनमध्ये डोळ्यांना दिसतो.

एनओई जपून

एनओई म्हणजे एका न्यूक्लियसच्या मॅग्नेटायझेशनचा जवळच्या दुसऱ्यावर दिसणारा परिणाम. त्यावर बेतलेला प्रोटॉन-फ्लोरिन द्विमितीय स्पेक्ट्रम, म्हणजे होझी, काढली की अॅनायन रिंगच्या कुठल्या बाजूला बसतो ते नकाशासारखं दिसतं, म्हणून पेपरमध्ये ती चित्रं खूप येतात. पूर्वी समज होता की क्रॉस पीक (दोन न्यूक्लियसना जोडणारा पीक) आला म्हणजे दोन अणू ४-५ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत. २०१३ मध्ये गाब्ल, स्टाइनहाउजर आणि वाइनगार्टनर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या आयनांमधल्या एनओईत लांबच्या शेजाऱ्यांचाही वाटा असतो आणि तो वाटा किती ते फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतं. म्हणून क्रॉस पीकच्या उंचीवरून सरळ अंतर काढू नका. वेगवेगळे मिक्सिंग टाइम (एनओई वाढायला दिलेला वेळ) घेऊन बिल्डअप कर्व्ह काढा, फक्त सुरुवातीचा सरळ भाग वापरा, जमलं तर दोन वेगळ्या फील्डवर करा, आणि निष्कर्ष मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या सिम्युलेशनशी ताडून मगच बोला. प्रोटॉन-प्रोटॉनमधला एनओई दाखवणाऱ्या नोझीत आणखी एक पेच: फ्रिक्वेन्सी आणि कोरिलेशन टाइमचा गुणाकार १.१२ ला एनओई शून्य होतो, आणि ही लिक्विड्स गरम करताना नेमकी त्या भागातून जातात. पीक नाही म्हणजे जवळीक नाही असं नसतं, रोझी (जिथे हा परिणाम शून्य होत नाही असा प्रयोग) करून बघा.

लिथियम मिसळल्यावर

बॅटरीसाठी काम करणारे यातच लिथियमचा एनटीएफ२ मीठ घालतात. तेव्हा तीन न्यूक्लियस मोजायचे, प्रोटॉन, फ्लोरिन, लिथियम-७. लिथियमचा गॅमा प्रोटॉनच्या २.६ पट कमी, तो वर्गात येतो, म्हणजे तेवढाच सिग्नल उतरवायला बी मध्ये साडेसहा पट भरपाई लागते, वर लिथियम अॅनायनना धरून बसल्यामुळे स्वतःही सगळ्यात हळू चालतो. ०.५ टेस्लाच्या प्रोबवर हे खोलीच्या तापमानाला बहुधा निभत नाही, मीटरला १० टेस्ला किंवा त्याहून जास्त देणारा डिफ्यूजन प्रोब लागतो. मुंबईत टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) राष्ट्रीय हाय-फील्ड सुविधा असो, आयआयटीचं सैफ (उपकरणांचं सामायिक केंद्र) असो की तुमच्याच विद्यापीठाचं मशीन, वेळ बुक करण्याआधी तिथल्या ऑपरेटरना तीन गोष्टी विचारून घ्या: जास्तीत जास्त ग्रेडियंट किती, प्रोब फ्लोरिनला आणि लिथियमला ट्यून होतो का, आणि ८० अंशापर्यंत गरम करायची परवानगी आहे का.